टिटवीचा पहारा

तळ्यांना कारभारी असत तेव्हाची गोष्ट. एका तळ्याचे कारभारी होते बेडकोबा आणि पहाऱ्यावर होती टिटवी. ती अंडी घालायला काठावर जागा उकरू लागली, तसे बेडकोबा फुगले. "बाई, कामावर संसार नको. अंडी माळावर घाल!"

टिटवी गेली. तिच्या जागी सडाफटिंग कासव आलं आणि दुपारी मान आत ओढून घोरू लागलं. सापाच्या तोंडातून बेडकोबा थोडक्यात वाचले. धापा टाकत त्यांनी माळ गाठला. "बये, तळ्यावरच घाल अंडी!"

टिटवीने घातली. मग पलीकडच्या बांधावर साप नुसता हलला, तरी तिने ओरडून अख्खं तळं डोक्यावर घेतलं. साप पळाला.

संध्याकाळी बेडकोबांनी दवंडी पिटली, "आणखी एक पहारेकरीण हवी. अंडी असतील तिला आधी घेऊ!"