खोटं की गुपित?

अभिलेखागाराचे संचालक प्रभंजन रेगे यांच्यापुढे बोलताना भल्याभल्यांची बोबडी वळे. त्या दिवशी त्यांनी लेखिका हेमलता उगले यांना सुनावणीला बोलावलं होतं. धरणाविरुद्धच्या जुन्या मोर्चावर गोळीबार झाला आणि मेलेले लोक पुरात वाहून गेल्याचं सरकारनं जाहीर केलं, असं बाईंनी पुस्तकात लिहिलं होतं. ते गावोगाव वाचलं जात होतं. त्या गोळीबाराची फाइल उघडा, अशी मागणी घेऊन मृतांचे नातेवाईकही सुनावणीला आले होते.

"असली खपाऊ पुस्तकं वाचून सरकार गोपनीय फाइल उघडत नसतं," रेगे म्हणाले. "तुमच्यावर दोन आरोप आहेत. तुम्ही धादांत खोटं लिहिलंत आणि सरकारी गुपित फोडलंत."

"दोन्ही कसे कबूल करू, साहेब?" बाई शांतपणे म्हणाल्या. "लिहिलं ते खोटं असेल, तर गुपित फुटलेलंच नाही. आणि गुपित फुटलं असेल, तर लिहिलं ते खरं आहे. कोणता आरोप ठेवायचा, तुम्हीच सांगा."

ती फाइल रेग्यांनी स्वतः वाचली होती.

मागून एक म्हातारी म्हणाली, "माझा मालक पट्टीचा पोहणारा होता, साहेब. पुरात बुडाला म्हणून लोक हसायचे."

रेग्यांची मान खाली गेली. "पहिला आरोप मागे घेतो," ते पुटपुटले.

"आणि दुसरा?" बाईंनी विचारलं.

"आता गुपित उरलंय कुठे?"

त्यांनी फाइल मागवली आणि म्हातारीला तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं. पण तिच्याकडे बघून विचारण्याचा धीर मात्र त्यांना झाला नाही.