कुंभारणीचा पाळणा

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका तांड्याच्या नायकाच्या घरी जन्मला, आणि वयात आल्यावर स्वतः नायक झाला. त्याच्या बैलांवर कापड लादून माणसं दूर भरुकच्छच्या बंदराला जात आणि मीठ घेऊन परत येत.

त्या तांड्यात गोभूती नावाचा कापडवाला होता. माणूस कष्टाळू, पण मनाने संशयी. बैलाने कान हलवला तरी, कोणी खुणावलं का, म्हणून मागे वळून बघे. एका खेपेनंतर तो वर्षभराने घरी परतला. पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच शेजारची म्हातारी कपिला कुंपणावरून म्हणाली, "आलास का रे बाबा? बरं झालं. चौकटीवर बघ जरा. कुंभारणीनं घर केलंय."

गोभूतीने वर पाहिलं. चौकटीच्या कोपऱ्यात मातीची बोराएवढी बोळकी चिकटली होती. बारीक कमरेची एक काळी माशी, तीच कुंभारीण, तोंडात ओला चिखल धरून आली आणि शेवटच्या बोळक्याचं तोंड लिंपून गेली.

त्या नगरीत बायका म्हणत, कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. आणि गोभूती तर वर्षभर घरी नव्हता.

आत बायको चित्रा पाठमोरी होती. तिने पाणी दिलं, पण पदर गालावरून हलू दिला नाही. चुलीमागे चिंचेचं मडकं होतं, अर्धंअधिक रिकामं. गोभूतीने मडकं पाहिलं, पदर पाहिला.  रात्रभर कुशी बदलत राहिला.

सकाळी तो नायकाकडे गेला. "नायक, पुढच्या खेपेलाही मी येतो. मागे घर राहणार नाही. तिला आज माहेरी घालवतो."

"केलं काय तिनं?"

गोभूतीने सगळं सांगितलं. नायक उठला. काठी घेऊन त्याच्याबरोबर निघाला.

"मुली," त्याने चित्रेला विचारलं, "पदर का ओढलास?"

चित्रेने पदर सोडला. गाल सुजून डोळा मिटत आला होता. "वर्षानं माणूस घरी येणार, आणि माझा झालाय भोपळा. कोणत्या तोंडानं समोर येऊ?"

"काटा आत राहिला होता?"

"नाही. सरपण काढताना एकच माशी, पण दोनदा डसली."

"मग मधमाशी नव्हे. ती एकदा डसते, काटा सोडते आणि मरते. ही गांधीलमाशी." नायक घरामागे गेला. सरपणाच्या वर, वळचणीला, वाळल्या पानाच्या रंगाचं पोळं उलटं लोंबत होतं. पिवळ्या माश्या त्यावर पहारा देत बसल्या होत्या. "सरपण दुसरीकडे रचा. त्यांना कोणी धक्का लावला नाही तर त्या येत नाहीत."

"आणि चिंच?" गोभूती म्हणाला. "चिंच कोणी खाल्ली?"

"खाल्ली?" चित्रेने कोपऱ्यातला तांब्याचा हंडा ओढून त्याच्यापुढे ठेवला. "तुम्ही येणार म्हणून चिंचेनं भांडी घासली. बघा, तोंड दिसतं."

गोभूतीने वाकून पाहिलं. तोंड दिसलं. त्याला ते आवडलं नाही.

"बरं. पण चौकटीवरचं?"

एव्हाना आळी जमली होती. नायक कपिलेच्या दारापुढे गेला आणि वर पाहून म्हणाला, "आजी, तुझ्या चौकटीवर तर बोळक्यांची रांग आहे. बारसं कधी?"

सगळे खो-खो हसले. "मेल्यांनो!" म्हणत कपिला आत पळाली. गोभूती मात्र हसला नाही. हसून संशय जात नाही. त्याने काठी उचलली. "फोडतोच ते. आत काय आहे ते दिसू दे."

नायकाने त्याचं मनगट धरलं. "आत जीव आहे. आपण होऊन बाहेर येईल तेव्हा बघ. तोवर हिला घराबाहेर काढायचं नाही."

"पण तांडा उद्या निघतोय!"

"तांडा थांबेल. मी गेलो की तू हिला काढशील."

भरुकच्छला जहाजं लागली होती. दुसरा तांडा पुढे निघून गेला आणि चढा भाव त्याने घेतला. नायकाची माणसं कुरकुरली, "एका माशीपायी बैल बसून खातायत." नायक रोज सकाळी येऊन चौकटीखाली बसे. गोभूतीही बसे, कारण आपल्या पाठीमागे बोळकं कोणी बदलेल अशी त्याला शंका होती.

एका सकाळी माती आतून कुरतडल्याचा आवाज आला. बोळक्याला भोक पडलं. बारीक कमरेची काळी माशी बाहेर आली, पंख वाळवले आणि उडाली.

नायक म्हणाला, "बायका म्हणतात ते खरं. पाळणा हलला. पण तो होता कुंभारणीचा. तिचं बाळ त्यात वाढत होतं."

गोभूतीने मान खाली घातली. तशीच ठेवून तो चित्रेकडे वळला.

चित्रा म्हणाली, "माशीच्या घराला इतके दिवस राखण बसलात. माझं घर मोडायला एक रात्र पुरली."

 गोभूतीने हंडा उचलला, भर आळीतून नदीवर गेला आणि पाणी भरून आणलं. चित्रेने हंडा उतरवून घेतला. बोलायला मात्र तिने पुष्कळ दिवस लावले.

शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा विहारात सांगितली ती एका भिक्षूमुळे. तो रोज शेजारच्या भिक्षूच्या पात्रात डोकावे आणि याला जास्त कुठून मिळालं म्हणून कुजबुजे. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा गोभूती म्हणजे हाच भिक्षू. कपिला म्हणजे त्याची कुजबुज ऐकून ती पुढे नेणारा त्याचा सोबती. चित्रा आज ज्याच्या पात्रात हा डोकावतो तो भिक्षू आहे. तो तेव्हाही निर्दोष होता, आजही आहे. आणि तांड्याचा नायक मी होतो."

खरं काय ते कळेपर्यंत हात आवरावा, मग त्यात नफा बुडाला तरी चालेल. हिलाच क्षांती, म्हणजे सबुरी, म्हणतात.