सोडून गेलेलं गिऱ्हाईक

आमच्या चंद्रभागावहिनींचा काळा मसाला बार्शीहून परगावी जाऊ लागला. ऑर्डरी सगळ्या ईमेलवर. तो ईमेलचा पत्ता हातचा गेला तर धंदाच बसणार. अशात पुण्याच्या होस्टिंग कंपनीचे साहेब आले.

"वेबसाइट, ईमेल, सगळं आमच्या ताब्यात द्या. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

वहिनी पोत्याच्या तळातली मिरची पाहिल्याशिवाय सौदा करत नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला सोडून गेलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाचा नंबर द्या."

साहेब ऐटीत म्हणाले, "आजवर एकही गेलेलं नाही."

"छान. मग मी जायचं म्हटलं, तर माझा पत्ता आणि सगळे ईमेल माझ्याबरोबर येतील, एवढं लिहून द्या."

"असं आम्ही कुणालाच लिहून देत नाही."

वहिनींनी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. "आता कळलं, एकही का गेलं नाही ते. चहा घ्या आणि तुम्ही तरी निघा."