डोंगराच्या सुट्टीचा दिवस

फार जुनी गोष्ट, आणि तीही जपानातली, म्हणजे खरी का खोटी बघायला कुणी जाणार नाही. तिथे डोंगराला टेकून लाकूडतोड्यांचं एक गाव होतं. वर्षातून एक दिवस डोंगराची सुट्टी. त्या दिवशी कुऱ्हाडी घरात, माणसं अंगणात, आणि डोंगरावर कुणी म्हणून जायचं नाही. कारण त्या दिवशी डोंगरदेव आपली झाडं मोजायचा.

गावात गेन्झो नावाचा एक तोड्या होता. हुशार. म्हणजे तुमच्यासारखाच, बायको सोडून सगळ्यांना हुशार वाटायचा.

सुट्टीच्या सकाळीच त्यानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली.

"अहो, आज नका जाऊ," बायको म्हणाली. "आज तो मोजायला येतो."

"मोजू दे की. मी काय झाड आहे?"

"त्याला दिसत नाही म्हणतात. चाचपून मोजतो."

"मग तर बरंच. मीही दिसणार नाही," असं म्हणून गेन्झो निघाला.

वर रान गप्प होतं. पाखरू नाही, वारा नाही. एका देवदारावर घाव घालायला त्यानं कुऱ्हाड उचलली, तोच वरच्या अंगानं आवाज आला. सावकाश, घोगरा.

"नऊशे सात... नऊशे आठ..."

दर आकड्याला एका खोडावर थाप.

साधा माणूस पळाला असता, नाहीतर चुकलो म्हणाला असता. गेन्झो पडला हुशार. त्यानं कुऱ्हाड झुडपात टाकली, हात अंगाशी घेतले आणि झाडासारखा ताठ उभा राहिला. श्वासही घेईना.

"नऊशे एकोणीस." शेजारच्या देवदारावर थाप पडली.

मग शेवाळासारखा गार हात गेन्झोच्या डोक्यावरून फिरला, खांद्याशी आला, जरासा थांबला.

"नऊशे वीस."

आवाज पुढं गेला. कसा फसवला, म्हणून गेन्झो मनात हसला आणि पाय उचलायला गेला. पाय वर येईना. तो मातीत खाली खाली निघाला होता.

गावानं तीन दिवस त्याला शोधलं. कुऱ्हाड सापडली, माणूस नाही. चौथ्या दिवशी लाकूडतोडे पोटासाठी कामाला लागले. गेन्झोची बायको अजून शोधतच होती. कुऱ्हाड मिळाली तिथं एक सरळसोट झाड उभं होतं.

"हे आधी कधी दिसलं नव्हतं," एक म्हातारा तोड्या म्हणाला. "पण लाकूड झकास आहे."

तिनं खोडाला हात लावला. खोड कोमट होतं.

"याला आज नका तोडू हो," ती म्हणाली.

"वहिनी, सुट्टी संपली," म्हातारा म्हणाला, आणि तळहातांवर थुंकून त्यानं कुऱ्हाड उचलली.

तर पोराथोरांनो, तात्पर्य एवढंच: दुसऱ्याचा सुट्टीचा दिवस ज्याला पाळवत नाही, त्याला आपल्या वेळी एक दिवस मागायला तोंड उरत नाही.