पालथ्या हाताची बोंब

एकदा एक वृद्ध हाडवैद्य डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात राहत होते. निखळलेली, मोडलेली हाडे बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. लोक त्यांना बाबा म्हणत. वयोमानाने त्यांची बोटे थरथरू लागली, तेव्हापासून सारे काम त्यांचा शिष्य भानुदास पाहत असे.

भानुदासाच्या शांतपणाची पंचक्रोशीत ख्याती होती. कोणी टाकून बोलले तरी तो हसे. "ह्याला राग कसा तो ठाऊकच नाही," असे लोक कौतुकाने म्हणत, आणि हळूहळू त्याचाही तसाच समज झाला. मला विचाराल तर अशा माणसाच्या घरची भांडी आधी पाहावीत; त्यांना पोचे पडलेले असतात.

त्या वर्षी पावसाळ्यात त्याच्या गावाहून निरोप आला. आई अत्यवस्थ होती. समोर मांडी मोडलेला एक माणूस विव्हळत पडला होता. बाबा म्हणाले, "एवढं बांधून मग जा." भानुदासाने बांधले आणि तो धावत सुटला. पोहोचला तेव्हा चिता विझली होती. दिवसकार्य उरकून तो परतला, मुकाट्याने कामाला बसला. त्याविषयी चकार शब्द त्याने काढला नाही.

मात्र त्यानंतर त्याच्या हाताखाली माणसे अधिक ओरडू लागली. हाड ओढताना शेवटच्या क्षणी त्याचा हात हिसका देई. एका गवळ्याचा कोपर त्या हिसक्याने कायमचा आखडला. लोक म्हणाले, नशीब त्याचे. बाबा मात्र त्याचा हात पाहत होते.

होळी पौर्णिमा आली. तिन्हीसांजेला चावडीपुढे होळी पेटली, नैवेद्याची पोळी आत पडली आणि गाव पालथा हात तोंडावर मारून बोंबलू लागले. त्या दिवशी कोणाच्याही नावाने बोंब मारावी आणि ज्याच्या नावाने मारली त्याने मनात धरू नये, अशी तिथली रीत होती. भानुदास नेहमीप्रमाणे दूर उभा होता. बोंब मारणे हे अशिष्टांचे काम, असे त्याचे मत होते.

इतक्यात राघू कुंभार बायकोला, सगुणेला, बैलगाडीतून घेऊन आला. मातीची पाटी घेऊन ती घसरली होती आणि तिचा उजवा खांदा निखळला होता. वेदनेने तिचा चेहरा पांढरा पडला होता. भानुदास पुढे झाला, तोच बाबांनी काठी आडवी धरली.

"हात लावायचा नाही. आधी बोंब मार."

सगळे चकित झाले. राघू हात जोडून म्हणाला, "बाबा, थट्टेची वेळ हाय का ही? तिचा हात गेला तर चाक कोण फिरवंल? घर बसंल माझं!"

"मला ठाऊक आहे," बाबा म्हणाले, पण काठी हलली नाही.

सगुणा कण्हत होती. भानुदासाने नाइलाजाने हात तोंडावर नेला आणि कसाबसा आवाज काढला.

"ही आरती झाली. बोंब मार. ज्याचा राग आहे त्याच्या नावाने मार."

"मला कोणाचाही राग नाही, बाबा."

"मग आज ती अशीच परत जाईल."

"म्हातारा चळला!" गर्दीतून कोणी ओरडले. सगुणेने किंकाळी फोडली. भानुदासाच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि इतकी वर्षे ज्यांना 'अहो' म्हटले त्यांच्यावर तो एकाएकी गरजला, "म्हाताऱ्या, तुझ्या नावानं बोंब! माझी आई वाट बघत मेली रे! तू मला सोडलं नाहीस! एका मांडीसाठी सोडलं नाहीस!"

मग पालथा हात तोंडावर मारत तो बोंबलत राहिला आणि तसाच रडू लागला. दोघेतिघे त्याला आवरायला धावले. बाबांनी त्यांना थांबवले.

बाबांनी त्याचा उजवा तळवा हाती घेतला, क्षणभर दाबून पाहिला; तो सैल पडला होता. त्यांनी काठी बाजूला केली. "आता जा."

भानुदास सगुणेजवळ बसला. डोळे अजून वाहतच होते. त्याने तिचा हात हळूहळू ओढला, वळवला, थांबला, पुन्हा ओढला. खांदा आत गेला. ती ओरडलीसुद्धा नाही. राघू गाडीच्या चाकाला टेकून मटकन खाली बसला.

मग मात्र भानुदास भानावर आला. तो बाबांच्या पायांवर कोसळला. "मला हाकलून द्या. मी काय बोललो हे!"

"खरं तेच बोललास," बाबा म्हणाले. "त्या दिवशी मी तुला सोडायला हवं होतं. इतके महिने मलाही हे बोलवलं नाही, मी भ्यालो. पण ऐक. राग नाही असं म्हटल्यानं तो जात नाही. तू त्याला तोंडातून येऊ दिलं नाहीस, तो हातात उतरला. मी अपराधी, आणि भोगलं त्या गवळ्यानं. आपल्या वाडवडिलांनी वर्षातला एक दिवस बोंबलायला दिला तो माणूस ओळखूनच. सणाला लाजून तू स्वतःलाच चुकवत होतास."

भानुदासाने डोळे पुसले. सवयीने तो म्हणाला, "आता माझ्या मनात काही नाही, बाबा."

बाबांनी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिले. होळीतले एक लाकूड ढासळले. भानुदासानेही तो हात उलटून पाहिला. मग त्याने वर पाहिले आणि हलकेच म्हणाला,

"आहे. अजून आहे."

"मग उद्यापासून रोगी तू एकट्यानंच पाहा," बाबा म्हणाले, "मला काळजी नाही."