वाट विचारणारी वाटाडी

एका बर्फाच्या डोंगराच्या पायाशी एक गाव होतं. खाली माणसं घामानं निथळत असायची, तेव्हाही त्या डोंगराच्या माथ्यावर बर्फ असायचं. गावाला आपल्या डोंगराचा फार अभिमान. गावात अभिमान धरण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतं, हेही खरंच.

भर उन्हाळ्यात माथ्याच्या जरा खालचं बर्फ वितळे, तिथं एक कुरण उघडं पडे आणि बघता बघता फुलांनी भरून जाई. ती फुलं खाली कुठेच येत नसत. कोणी हौसेनं रोप आणून परसात लावलं, तर ते लगेच मान टाकी. म्हणून ज्याला फुलं बघायची त्यानं पहाटे निघायचं, पायपीट करत वर जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. लोकांना वर नेण्यासाठी गावाचा एक वाटाड्या असे. त्याच्या हातात घुंगरं बांधलेली काठी असायची. त्या काठीला मोठा मान होता. लग्नाच्या पंगतीत पहिलं पान वाटाड्याचं मांडलं जाई.

पण काठीबरोबर एक नियमही येई. वाटाड्यानं कधी कोणाला वाट विचारायची नाही. जुनी माणसं म्हणत, "आपल्या डोंगरात वाट विचारणं म्हणजे आपल्याच घरात चूल कुठे आहे ते विचारणं." ज्यानं वाट विचारली, त्याची काठी गेली. डोंगराच्या पलीकडे दुसरं गाव होतं, त्यांचाही नियम हाच. दोन गावांचं एरवी कशातच जमत नसे, एवढ्या एका बाबतीत मात्र त्यांचं एकमत होतं.

त्या वर्षी काठी तुळसाकडे आली. त्याआधी ती तिच्या सासऱ्याकडे होती. त्याचे गुडघे कुरकुर करू लागले, तेव्हा त्यानं साऱ्या गावासमोर ती सुनेच्या हातात दिली. काहींनी नाकं मुरडली. "बाईमाणूस आम्हाला काय वाट दाखवणार?" सासरा म्हणाला, "तुम्ही घरी बसा. बाकीच्यांना ती दाखवेल."

तुळसा लग्न होऊन आली तेव्हापासून सासऱ्याच्या मागोमाग डोंगर चढली होती. तिचं पाऊल पक्कं होतं आणि जीव धीट होता. काठी घरात आल्यापासून ती येता-जाता तिला हात लावून बघे. नवऱ्यानं चेष्टा केली, तरी तिची ती सवय काही सुटली नाही.

कुरण फुललं आणि पहिली मंडळी निघाली. गावचा वाणी होता. त्याचं पोट फार सुटलं होतं आणि वैद्यानं त्याला चालायला सांगितलं होतं. म्हातारी सुईण होती. अर्धं गाव तिच्या हातून जन्माला आलं, पण बाळंतिणींच्या उस्तवारीत वरची फुलं बघायची राहूनच गेली होती. आणि एक नवं जोडपं होतं.

चढताना वाण्यानं प्रत्येक वळणावर "आलं का?" म्हणून विचारलं. तुळसा प्रत्येक वेळी "हे काय, आलंच" म्हणाली. सुईण मात्र हूं की चूं न करता एकेक पाऊल टाकत राहिली. वाटेत खोल ओढा लागला. त्याच्यावर हिवाळ्यातलं बर्फ अजून घट्ट होतं, दुधावर साय असावी तसं. त्याच्यावरूनच पलीकडे जायचं. तुळसानं आधी काठीनं ठोकून बघितलं, मग एकेकाला हात धरून पार नेलं.

आणि मग कुरण आलं. निळी फुलं, पिवळी फुलं, खडकाला चिकटून पसरलेली गुलाबी फुलं, आणि लव असलेली बुटकी पांढरी फुलं. सुईण खाली बसली. एका पांढऱ्या फुलावरून तिनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "नुकत्या जन्मलेल्या पोराचं कानशील असंच लागतं बघ." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवी नवरी फुलांमधून नुसती पळत सुटली. वाण्यानंही पोटाचं दुःख विसरून चार धपाटे खाल्ले. तुळसाला वाटलं, आपल्याएवढं सुखी आज कोणी नसेल.

दुपार कलली तशी मंडळी उतरू लागली. ओढ्यापाशी आली आणि तुळसाचे पाय थबकले. ओढ्यावरचं बर्फ नव्हतं. एरवी ते उन्हाळाभर टिके, पण यंदाचं ऊन कडक होतं. मधला सगळा थर कोसळला होता आणि खाली पाणी धो धो वाहत होतं. दोन्ही बाजूंना सरळ कडे होते. आल्या वाटेनं परत जायची सोय उरली नव्हती.

आता ओढ्याच्या अलीकडूनच खाली उतरायचं आणि जिथं पाणी उथळ असेल तिथं पार व्हायचं, एवढाच मार्ग होता. उतरायला दोन जागा दिसत होत्या. उजवीकडे हिरव्यागार गवताचा मऊ उतार. डावीकडे दगडधोंड्यांनी भरलेली, अंधारी, भयाण घळ. या अंगानं तुळसा कधीच उतरली नव्हती. तिचा सासराही नाही. तिचं मन गवताच्या उताराकडे ओढ घेत होतं. पण मनाची ओढ वेगळी आणि माहिती असणं वेगळं, हे तिला कळत होतं.

तेवढ्यात तिला खालच्या बाजूला, हाकेच्या अंतरावर, एका सपाट खडकावर माणसं बसलेली दिसली. पलीकडच्या गावचा वाटाड्या आपली मंडळी घेऊन आला होता. त्यांची वाट याच अंगानं वर येई. त्याला हा भाग माहीत असणार.

वाण्याच्या ते लगेच ध्यानात आलं. तो घाईघाईनं कुजबुजला, "तुळसा, खबरदार त्याला विचारलंस तर! तुझी काठी जाईल ती जाईल, आपल्या गावाचं नाक कापलं जाईल. ते वर्षभर आपल्याला हसतील."

"आणि वाट चुकली तर, शेटजी?"

"चुकली तर चुकली. पडलो तर पडलो. पण मान खाली नको."

नवी नवरी म्हणाली, "तुम्ही पडा हवं तर. मला नाही पडायचं."

तुळसानं हातातली काठी घट्ट धरली. ही काठी तिला प्राणासारखी होती. उतारावर पाऊल टाकलं आणि तो नीट निघाला, तर कोणाला काही कळणार नव्हतं. मग तिनं मागे वळून बघितलं. सुईण खडकाला टेकून गुडघे चोळत होती. नवऱ्या मुलानं बायकोचा हात धरला होता. वाणी तोंडानं मोठमोठं बोलत होता, पण दोन्ही हातांनी त्यानं खडक घट्ट धरला होता. तुळसानं मनाशी म्हटलं, काठी माझी आहे, ही माणसं काही माझी नाहीत. ती ज्यांची आहेत त्यांना परत द्यायची आहेत.

तिनं तोंडाशी हात नेले आणि खणखणीत आवाजात हाक मारली, "ओ दादा! आमच्या ओढ्याचं बर्फ कोसळलंय. मला इथून खालची वाट माहीत नाही. गवतानं उतरू की घळीनं?"

खालच्या खडकावर कोणीतरी खो खो हसलं. पण तो वाटाड्या हसला नाही. तो ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "गवताला पाय लावू नका, ताई! गेल्या सालापर्यंत आम्हीही तिथूनच जायचो. हिवाळ्यात खालचा भाग सगळा तुटून गेला. घळ दिसते भयंकर, पण ती तळापर्यंत नेते. खाली ओढा पसरट होतो, घोटाभर पाणी असतं. तो ओलांडलात की तुमची पायवाट लागेल."

"तुमचे उपकार झाले, दादा!"

तुळसा निघणार, एवढ्यात तो पुन्हा बोलला. या वेळी त्याचा आवाज जरा पडलेला होता. त्यानं आधी आपल्या मंडळींकडे बघितलं, मग वर बघितलं.

"ताई, एक विचारू? वरचा, कुरणाजवळचा झरा यंदा दिसत नाही. आमच्याजवळचं पाणी सकाळीच संपलंय. केव्हाचे आम्ही विसावा घेतोय असं दाखवून इथं बसलोय."

हसणारा आता गप्प झाला होता, कारण त्याचाही घसा कोरडा पडला होता. तुळसानं सांगितलं, "झरा दगडांनी बुजलाय, पण आतून वाहतोय. तांबड्या खडकाच्या मागून जा, पाणी हाताला लागेल." दोन्ही वाटाडे एकमेकांकडे बघून हसले आणि आपापल्या वाटेला लागले.

घळ खरोखरच वाईट होती. वाणी तीन ठिकाणी बसून घसरला आणि त्याच्या धोतराची पार दशा झाली. पण सगळे धडधाकट तळाशी पोहोचले. ओढा ओलांडून तुळसानं वर बोट दाखवलं. गवताचा तो मऊ उतार खालून आता नीट दिसत होता. उतार अर्ध्यावरच संपला होता आणि त्याच्या कडेचं हिरवं गवत वाऱ्यात लोंबत होतं. त्याच्याखाली काहीच नव्हतं. वाणी मटकन खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

गाव जवळ आलं तसा वाणी म्हणाला, "तुळसा, मी तोंडातून ब्रही काढणार नाही. हीही मंडळी गप्प बसतील. काठी तुझ्याकडेच राहू दे."

"तुम्ही नका काढू. मीच सांगते," तुळसा म्हणाली.

देवळासमोर गाव जमलं होतं. तुळसानं सगळं सांगितलं, एक शब्द मागेपुढे केला नाही. सुईण पुढे होऊन म्हणाली, "एखादी बाई अडली, तर मी पलीकडच्या गावच्या सुईणीला बोलावते. तुमच्यातले कित्येक जण त्यामुळेच इथं उभे आहेत. तेव्हा कोणी नियम काढला नाही."

माणसं चुळबुळली. पण नियम जुना होता आणि तो मोडायचा धीर कोणाला झाला नाही. सासऱ्यानं हात पुढे केला. तुळसानं काठी त्याच्या हातात दिली. तिला रडू आलं, तिनं ते लपवलंही नाही. पण तिची मान खाली गेली नाही. काठी गावातल्या एका तगड्या गड्याकडे गेली. त्यानं आयुष्यात कधी कोणाला काही विचारलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्याची फार ख्याती होती.

पुढच्या उन्हाळ्यात कुरण पुन्हा फुललं. पहाटे तो गडी देवळासमोर काठी घेऊन उभा राहिला. त्यानं घुंगरं वाजवली. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली. एक कुत्रं आलं आणि हुंगून निघून गेलं.

सगळं गाव तुळसाच्या अंगणात जमलं होतं. सगळ्यात पुढे वाणी होता, आणि या खेपेला त्यानं बायको, मुलं आणि म्हातारी आई यांनाही आणलं होतं. तुळसा दारात येऊन म्हणाली, "अहो, पण काठी माझ्याकडे नाही."

"काठी काय करायची?" वाणी म्हणाला. "आईला परत आणायचंय मला."

तेवढ्यात घरातून तिचा सासरा बाहेर आला. पायांत जाड वहाणा, खांद्यावर शिदोरी.

"मामंजी, तुम्ही? आणि तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांना सांभाळत येईन. ने मलाही," म्हातारा म्हणाला. मग जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आणि सूनबाई, वाट नाही सापडली तर?"

"तर विचारू, मामंजी."

"मग चल," तो म्हणाला, आणि सुनेच्या मागे पहिला तोच निघाला.

तात्पर्य: ज्याला 'मला माहीत नाही' असं ताठ मानेनं म्हणता येतं, त्याच्याच मागे निश्चिंत मनानं चालावं.