मधली दहा मिनिटं

एकदा एका शिष्यावर, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, आपल्या गुरूंचा ग्रंथ सांभाळण्याची जबाबदारी आली. गुरू एक्क्याण्णव वर्षांचे. आयुष्यभर त्यांनी तर्कशास्त्र शिकवलं होतं. आता डोळ्यांना अक्षर दिसत नव्हतं, म्हणून ते सांगत आणि शिष्य आपल्या संगणकावर टिपून घेई. पाच वर्षांत अकरा अध्याय झाले. शेवटचा, संशयावरचा, तेवढा राहिला होता.

शिष्य दोन विषयांत डॉक्टरेट मिळवलेला, पण कुलूप नीट लागलं का हे पाहायला अर्ध्या जिन्यावरून परत येणारा. त्यामुळे एका सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट उमटली, 'संरक्षणाची मुदत संपली आहे, संगणक धोक्यात आहे', तेव्हा त्याचा चहा तसाच निवला. अकराही अध्याय त्या एकाच यंत्रात होते. पेन ड्राइव्हवर प्रत घ्यावी, तर त्यातूनच विषाणू शिरतात असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. कागदावर छापून ठेवावं, तर आधी शुद्धलेखन एकदा तपासायला हवं होतं. ऑनलाइन नूतनीकरण करू गेला, तर हे संकेतस्थळ खरंच त्या कंपनीचं का, याची खात्री होईपर्यंत ओटीपीची मुदत संपली. तीनदा संपली.

शेवटी त्याने बाजारातून दुसऱ्याच कंपनीच्या अँटीव्हायरस प्रोग्रामचं खोकं आणलं. आतल्या कार्डावरची चंदेरी पट्टी त्याने इतक्या निष्ठेने खरवडली की तिच्याबरोबर खालच्या सांकेतिक क्रमांकातलं एक अक्षरही निघून गेलं. मदतकेंद्राला फोन केला. अर्ध्या तासाच्या संगीतानंतर एक मुलगी बोलू लागली.

"अक्षराचं नंतर बघू, सर. आधी जुना प्रोग्राम पूर्ण काढा, मग नवा टाका."

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात काय, सर?"

"मधल्या वेळात संरक्षण कुणाचं?"

"सर, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे!"

ती दहा मिनिटं शिष्याला पेलवेनात. त्याने कार्डावरच्या खरवडलेल्या जागी एकेक अक्षर घालून पाहिलं, सातव्या प्रयत्नात क्रमांक जुळला, आणि जुना न काढताच त्याने त्यावर नवा चढवला. तासाभरात संगणक मुंगीच्या गतीने चालू लागला. त्याने तो दुकानात नेला, तेव्हा दुकानदार हसून म्हणाला, "काका, एका दारावर दोन राखणदार बसवलेत. ते एकमेकांनाच चोर समजून धरून बसलेत. घरातल्या माणसाला आत कोण सोडणार? दोन्ही काढा, आणि मग एकच टाका."

"काढतो," शिष्य म्हणाला. त्याने नवा काढला. त्यात भय नव्हतं, जुना होताच. पण जुना काढायला गेलं की यंत्र विचारी, 'खरंच काढायचा आहे का?' आणि तो 'नाही' दाबी. असं नऊ वेळा झालं. वीस दिवस गेले.

गुरूंचा फोन आला. "पद्माकर, कधी येतोस? शेवटचा अध्याय डोक्यात जुळून आलाय. आणि हल्ली डोक्यात फार दिवस काही टिकत नाही रे."

"संगणक सुरक्षित झाला की लगेच येतो, सर."

"तो कधी होणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी शिष्य संगणक आणि खोकं पिशवीत घालून गुरूंच्या घरी गेला आणि सगळी हकिकत सांगितली. पडद्यावर तोच प्रश्न उभा होता.

"सर, आपणच सांगा. काढू का?"

"तुझा हात कुठे आहे?" गुरूंनी विचारलं.

"माउसवर."

"आणि बाण?"

"'हो'वर आहे. पण सर, एकदा विचार..."

गुरूंनी चाचपडत आपला हात शिष्याच्या हातावर ठेवला आणि बोट दाबलं. मग दोन्ही कानांतली श्रवणयंत्रं काढून टेबलावर ठेवली, डोळे मिटले आणि खड्या आवाजात सांगायला सुरुवात केली, "अध्याय बारावा."

"सर, थांबा! अजून नवा टाकला नाही! आत्ता काहीही होऊ शकतं! सर!"

गुरूंना काहीच ऐकू येत नव्हतं. ते सांगत राहिले. शिष्याने त्यांच्याकडे पाहिलं, विझत चाललेल्या पडद्याकडे पाहिलं, आणि खिशातलं पेन काढलं. खोक्यातल्या माहितीपुस्तिकेची मागची पानं कोरी होती. तो त्यांवर लिहू लागला. पाऊण तास लिहीत होता.

गुरू थांबले. त्यांनी यंत्रं पुन्हा कानांत बसवली.

"सर, आपण कान का काढलेत?"

"तू थांबा म्हणाला असतास, आणि मी थांबलो असतो. मलाही भीती वाटते, पद्माकर. मी विसरत चाललोय. संशय असावाच. मी जन्मभर तेच शिकवलं. पण जुनं काढलं आणि नवं अजून बसलं नाही, असा एक उघडा वेळ प्रत्येक कामात येतो. तो टाळायला गेलास आणि दहा मिनिटांचे वीस दिवस झाले. त्या वेळाला पहारा बसवता येत नाही. त्यात बसून काम करता येतं, एवढंच."

शिष्याने संगणकाकडे पाहिलं. तो पुन्हा सुरू होऊन केव्हाचा वाट पाहत होता. अकरा अध्याय जागच्या जागी होते. मग त्याने हातातली पानं चाळली आणि त्याचा चेहरा उतरला.

"सर, पहिल्या ओळीनंतरचं एक वाक्य राहिलंय. तेव्हा मी ओरडत होतो. काय होतं ते?"

गुरूंनी बराच वेळ आठवून पाहिलं. "नाही येत. चांगलं होतं, एवढं आठवतंय." ते किंचित हसले. "जागा सोड. पुढे लिही."

शिष्याने अध्याय संगणकावर उतरवताना तिथे एक ओळ कोरी सोडली आणि पुढचं लिहिलं. पुढल्या वर्षी ग्रंथ छापायला गेला, तेव्हा प्रकाशकाने मुद्रितावर त्या ओळीपाशी खूण करून विचारलं, इथे काही गळलं आहे का?

शिष्याने समासात लिहिलं, "हो. तसंच राहू द्या."